चारशेच्या वरचं क्रिएटिनिन: कुनोतल्या साशाचं प्रकरण

२२ जानेवारी २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्त्यांवर देखरेख ठेवणाऱ्या पथकाला साशा नावाची मादी मलूल वाटली. डॉक्टरांनी पाहिलं आणि त्याच दिवशी तिला मोठ्या कुंपणातून काढून क्वारंटाइनच्या वाड्यात आणलं. रक्त घेतलं गेलं, भोपाळच्या वनविहारची मदत आली, सोनोग्राफी झाली. मूत्रपिंडाला संसर्ग असल्याचं जाहीर झालं. दोन महिने उपचार चालले आणि २७ मार्चला साशा गेली. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आलेल्या आठ चित्त्यांतला हा पहिला मृत्यू.

त्यानंतर कुनोत आणखी बरेच चित्ते दगावले आणि बातम्यांच्या त्या रेट्यात साशा मागे पडली. पण वैद्यकीय दृष्टीने पाहिलं तर तिचं प्रकरण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. ना झुंज, ना जखम, ना उन्हाचा तडाखा. तिचा आजार तिच्यासोबतच विमानात चढला होता.

हे कळलं ते साशा आजारी पडल्यावर. भारतीय वन्यजीव संस्था आणि कुनोच्या व्यवस्थापनाने तिचा जुना वैद्यकीय इतिहास नामिबियातल्या ‘चीता कन्झर्व्हेशन फंड’ (सीसीएफ) या संस्थेकडून मागवला. त्यात १५ ऑगस्ट २०२२ च्या रक्ततपासणीची नोंद होती आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य, होतं चारशेच्या वर. भारतात येण्याआधीच तिला मूत्रपिंडाचा आजार होता, असं मध्य प्रदेश वनखात्याने मृत्यूनंतरच्या निवेदनात स्पष्टच म्हटलं.

चारशे हा आकडा वाचून आपल्याकडचा कुणीही दचकेल, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रिपोर्टवर क्रिएटिनिन एक, सव्वा, फार तर दोन असं दिसतं. फरक एककाचा आहे. आपल्या लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतात, तिकडच्या मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. ८८.४ ने भागलं की चारशेचे साधारण साडेचार होतात. घरातल्या मांजरांसाठी पशुवैद्य जी श्रेणी वापरतात, तिच्यात २५१ ते ४४० हा तिसरा टप्पा आणि ४४० च्या पुढे चौथा, म्हणजे शेवटचा. साशा त्या मोजपट्टीवर तिसऱ्याच्या टोकाला होती. अर्थात मांजराची पट्टी चित्त्याला जशीच्या तशी लागू होत नाही. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि चित्ता म्हणजे जवळजवळ सगळा स्नायूच. त्यामुळे निरोगी चित्त्याचं क्रिएटिनिनही मांजराच्या मानाने वरच असतं. ती सूट दिली तरी चारशेचं समर्थन होत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे. रक्त घेताना प्राणी कोरडा पडला असेल, खूप वेळ पाण्यावाचून राहिला असेल किंवा भुलीखाली रक्तदाब उतरला असेल, तर मूत्रपिंड चांगलं असूनही क्रिएटिनिन चढतं. एका आकड्यावर निदान करू नये हे पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. हा गुंता सोडवायची रीतही साधी आहे: त्याच वेळी लघवीची घनता बघायची. प्राणी नुसता कोरडा पडला असेल तर मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं आणि लघवी दाट होते, मांजरकुळात १.०३५ च्या वर. मूत्रपिंडच थकलं असेल तर ती पातळ, १.०१० च्या आसपास अडकून राहते. दोन-तीन आठवड्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा केल्या की चित्र स्पष्ट होतं. रानटी मांजरकुळातल्या प्राण्याची लघवी मिळवणं मात्र सोपं नाही. भूल देऊन, सोनोग्राफीत बघत, सुईने थेट मूत्राशयातून काढावी लागते. पण सॅटेलाइट कॉलर बांधायला, लस द्यायला भूल दिलेलीच असते. मग तेवढी एक सुई जास्त.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. मूत्रपिंडाकडे राखीव ताकद प्रचंड असते. मांजरांत दोन-तृतीयांश नेफ्रॉन (मूत्रपिंडातले रक्त गाळणारे सूक्ष्म घटक) निकामी झाले की लघवी दाट करण्याची क्षमता जाते, आणि तीन-चतुर्थांश गेल्यावर कुठे क्रिएटिनिन वर जायला लागतं. म्हणजे आकडा चढलेला दिसतो तेव्हा आजार सुरू होऊन बराच काळ लोटलेला असतो. तोवर प्राणी धावतो, खातो, शिकार करतो, बाहेरून ठणठणीत दिसतो. सीसीएफने हे आठ चित्ते निवडताना आरोग्य, रानटीपणा, शिकारीचं कौशल्य आणि वंशवृद्धीची क्षमता हे निकष सांगितले होते. त्यातले निदान मधले दोन तरी साशाच्या मूत्रपिंडाबद्दल काहीच सांगू शकत नव्हते.

‘संसर्ग’ हे निदानही मला पूर्ण पटत नाही. मूत्रपिंडाला जंतुसंसर्ग होतो, मांजरकुळातही होतो. आधीच खराब झालेल्या मूत्रपिंडात तर सहज होतो, कारण पातळ लघवीत जंतूंना आयतं रान मिळतं. जानेवारीत साशाला खरोखर संसर्ग असेलही. पण ऑगस्टमध्ये चारशे, जानेवारीत मलूल, मार्चमध्ये मृत्यू हा सात महिन्यांचा उतार नुसत्या संसर्गापेक्षा हळूहळू झिजत आलेल्या मूत्रपिंडाशी जास्त जुळतो. तसं असेल तर संसर्गाने शेवटचा धक्का दिला असेल, मूळ दुखणं त्याच्या आधीचं.

ते मूळ दुखणं कुठलं? साशा पाच-साडेपाच वर्षांची होती. त्या वयाच्या, कुंपणात वाढलेल्या चित्त्याचं मूत्रपिंड जात असेल तर संशयित मोजके आहेत.

पहिला संशय जन्मजात दोषाचा. गर्भातच मूत्रपिंडाची घडण अर्धवट राहते, नेफ्रॉन पुरेसे तयारच होत नाहीत किंवा अपक्व राहतात. पण असे प्राणी बहुधा बालपणातच खुंटतात, वाढ मागे पडते, पहिल्या-दुसऱ्या वर्षात उघडे पडतात. पाच वर्षं धडधाकट जगून मग कोसळणं या दोषात क्वचित दिसतं.

दुसरा पॉलिसिस्टिक किडनीचा. हा जन्मासोबतच येतो, पण हळू चालतो. मूत्रपिंडात पाण्याच्या पुट्या जन्मापासून असतात, वर्षानुवर्षं फुगत जातात आणि प्राणी मध्यम वयात आला की चांगल्या ऊतीला जागाच उरत नाही. पर्शियन मांजरांत हे एकाच जनुकातल्या बदलामुळे होतं हे २००४ मध्ये सिद्ध झालं. प्राणिसंग्रहालयांतल्या पिग्मी हिप्पोंत, विशेषतः वयस्क माद्यांत, हा विकार आढळला आहे आणि तो कुळातून येत असावा असा संशय आहे. याचं निदान मात्र लपत नाही. सोनोग्राफीत काळे गोल ठळक दिसतात, आणि हातात पोर्टेबल मशिन असेल तर वाड्यातही दिसतात.

उरलेले दोन संशयित चित्त्याच्या बाबतीत जास्त वजनदार. एक ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस: रक्त गाळणाऱ्या बारीक गुच्छांच्या भिंती जाड होत जातात आणि गुच्छ कडक पडतात. माणसांत मधुमेहाने मूत्रपिंड बिघडतं तेव्हा दिसतो तसाच हा बदल. दुसरा अ‍ॅमिलॉइडोसिस: शरीरात कुठे तरी दीर्घकाळ दाह चालू असला की यकृत एक प्रथिन भरमसाट तयार करतं आणि त्याचे न विरघळणारे धागे मूत्रपिंडात साचतात. चित्त्यात ते प्रामुख्याने मूत्रपिंडाच्या आतल्या भागात साचतात. बंदिवासातल्या चित्त्यांच्या शवविच्छेदनांत हे दोन्ही विकार इतक्या वेळा सापडले आहेत की प्राणिसंग्रहालयाच्या पॅथॉलॉजिस्टला ते नसल्याचंच नवल वाटावं. दोघांची ओळख पटवायला सूक्ष्मदर्शकाखालचा काप लागतो. काँगो रेड रंग दिला की अ‍ॅमिलॉइड ध्रुवित प्रकाशात हिरवं चमकतं. पीएएस रंगात गुच्छांच्या जाड भिंती गुलाबी-जांभळ्या उठून दिसतात. जिवंत प्राण्याची बायोप्सी शक्य असते, पण मूत्रपिंड आधीच ढासळलेलं असताना तो धोका कुणी पत्करत नाही.

मग हे विकार आनुवंशिक म्हणायचे की कैदेने दिलेले? चित्त्याबद्दल बोलताना इथे बहुतेक जण जनुकांकडे वळतात, आणि त्याला कारणही आहे. १९८५ मध्ये स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका चित्त्याच्या कातडीचा तुकडा नातं नसलेल्या दुसऱ्या चित्त्याला जोडला तरी शरीर तो लवकर नाकारत नाही. इतका या प्राण्यांत सारखेपणा आहे. सुमारे १०-१२ हजार वर्षांपूर्वी ही जात मोजक्या प्राण्यांवर येऊन ठेपली होती, त्याचं हे देणं. तेव्हापासून चित्त्याचा कुठलाही आजार ‘शेवटी जनुकं’ म्हणून गुंडाळून ठेवायची सवय लागली आहे. मला ती आळशी वाटते.

खरा आनुवंशिक दोष कसा ओळखायचा, याचा नमुना दक्षिण अमेरिकेतल्या मेन्ड वुल्फमध्ये मिळतो. हा लांब पायांचा, तांबूस कोट घातल्यासारखा दिसणारा प्राणी. त्याच्या मूत्रपिंडाच्या नलिका सिस्टीन हे अमिनो आम्ल परत शोषून घेऊ शकत नाहीत. ते लघवीत उतरतं, त्याचे खडे होतात आणि नरांत मूत्रमार्ग तुंबतो. प्राणिसंग्रहालयांत हे दिसल्यावर संशोधक ब्राझीलच्या गवताळ प्रदेशात गेले, मुक्त लांडग्यांची लघवी तपासली, तर तिथेही तेच. १९८१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. कुंपणाच्या आत आणि बाहेर सारखाच सापडणारा दोष रक्तातूनच आलेला असतो.

हीच कसोटी चित्त्यांना लावली गेली ती नामिबियात. पॅथॉलॉजिस्ट लिंडा मन्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तिथल्या मुक्त चित्त्यांची बंदिवासातल्यांशी तुलना प्रसिद्ध केली. ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस, अ‍ॅमिलॉइडोसिस, जठराचा तीव्र दाह हे बंदिवासातल्या चित्त्यांचे नेहमीचे आजार मुक्त चित्त्यांत नगण्य होते. जठरात हेलिकोबॅक्टर जंतू दोघांकडे होते, दाह मात्र बंदिवानांतच. जात तीच, जनुकांचा तोकडेपणा तोच, आजार मात्र एकाच बाजूला. त्याआधी २००४ मध्ये याच गटाने दाखवलं होतं की बंदिवासातल्या चित्त्यांच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी फुगलेल्या असतात आणि विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अंश जास्त सापडतात. या दोन्ही अभ्यासांच्या लेखकांत सीसीएफच्या संस्थापक लॉरी मार्कर आहेत. म्हणजे साशा जिथून आली, त्याच संस्थेने दीर्घ बंदिवास चित्त्याच्या मूत्रपिंडाला काय करतो हे जगाला सांगायला हातभार लावला होता.

सारखेपणाच्या मूळ दाव्यालाही पुढे मुरड पडली. २०११ मध्ये नामिबियातल्या मुक्त चित्त्यांच्या रोगप्रतिकारक जनुकांचा मोठा नमुना तपासला गेला, तेव्हा विविधता आधीच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. जनुकं अगदीच निर्दोष आहेत असंही नाही. अ‍ॅमिलॉइडचं कच्चं प्रथिन चित्त्याच्या रक्तात किती चढतं हे एका जनुकीय फरकावर काही अंशी ठरतं, हे २०१६ मध्ये दिसलं. तेव्हा कल जन्माने मिळतो आणि आजार कुंपणात घडतो, असं मला सगळा पुरावा एकत्र वाचून वाटतं.

कुंपणात नेमकं काय घडतं? ताण तर आहेच. चित्ता लाजाळू, एकट्याने वावरणारी मादी तर अधिकच. शेजारच्या वाड्यात सिंह-बिबट्यांचा वास असला, माणसांची वर्दळ असली की ती सतत सावध राहते. आहार हे दुसरं कारण, आणि माझ्या मते यावर पुरेसं बोललं जात नाही. रानात चित्ता हरणाचं मांस खातो, पण त्यासोबत कातडी, केस, कूर्चा, बारीक हाडंही पोटात जातात. बंदिवासात त्याला वर्षानुवर्षं सोललेलं, कापलेलं घोड्याचं, गाढवाचं किंवा म्हशीचं मांस मिळतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी चित्त्यांना एकदा नुसतं गोमांस आणि एकदा अख्खे ससे देऊन पाहिलं. अख्ख्या सशांवर असताना विष्ठेत इंडोल आणि फेनॉल ही आतड्यात कुजण्यातून होणारी द्रव्यं कमी झाली. इंडोलपासून बनणारं विष मूत्रपिंडालाच बाहेर टाकावं लागतं, आणि ते मूत्रपिंडाला जाचतं हे माणसांत चांगलं माहीत आहे. अ‍ॅमिलॉइडचा आणखी एक मार्ग २००८ मध्ये जपानी संशोधकांनी मांडला: आजारी चित्त्याच्या विष्ठेत ते धागे असतात आणि उंदरांत ते नव्या साठ्याची ठिणगी पाडू शकतात. एका आवारात वर्षानुवर्षं राहणाऱ्या चित्त्यांना हे लागू असेल, तर आवाराची सफाई हाही मूत्रपिंडाचा प्रश्न ठरतो.

चित्त्याला कैद मानवत नाही हे आपल्याकडे तसं जुनंच ज्ञान. मुघलांनी शिकारीसाठी शेकड्यांनी चित्ते पाळले, तरी बंदिवासात पिल्लं झाल्याची नोंद जहांगीरने एकदाच केली आणि तीही अप्रूप म्हणून. विसाव्या शतकात कोल्हापूरच्या संस्थानी शिकारीसाठी चित्ते थेट आफ्रिकेतून आणावे लागत. त्या चित्त्यांची मूत्रपिंडं कुणी उघडून पाहिली असती तर काय दिसलं असतं, याची मला उत्सुकता आहे.

साशाकडे परत. ती लहान वयात वाचवून आणलेली आणि आयुष्याचा मोठा भाग सीसीएफच्या कुंपणात गेलेली. भारतात आल्यावर महिन्याचं म्हणून सुरू झालेलं क्वारंटाइन नोव्हेंबरपर्यंत लांबलं. त्या काळात म्हशीचं मांस. मग इतर माद्यांसोबत मोठं कुंपण. तिची पार्श्वभूमी ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस किंवा अ‍ॅमिलॉइडोसिसच्या पाठ्यपुस्तकातल्या रुग्णासारखी आहे. वयही जुळतं, गतीही जुळते. माझा कौल तिकडे. पण त्यासमोर सवाना नावाची अडचण उभी राहते. सवाना ही साशाची जोडीदारीण. दोघी जवळपास एका वयाच्या, नामिबियात एकाच वाड्यात राहणाऱ्या, तेच मांस खाणाऱ्या, एकाच विमानाने आलेल्या. भारतात तिचं नाव नभा झालं. ती जुलै २०२५ पर्यंत जगली आणि गेली ती हाडं मोडण्याच्या दुखापतीने. कुंपण दोघींना सारखंच होतं, मूत्रपिंड एकीचंच गेलं. तेव्हा फरक पाडणारं काहीतरी साशाच्या आत आधीपासून असणार: घराण्यातून आलेला कल, लहानपणीची उपासमार, एखादा जुना दाह, किंवा जन्मतःच कमी नेफ्रॉन. गर्भात किंवा बालपणी कुपोषण झालं की मूत्रपिंडं कमी भांडवलावर आयुष्य सुरू करतात हे इतर सस्तन प्राण्यांत दिसलं आहे. अनाथ पिल्लांच्या बाबतीत हा मुद्दा विसरता येत नाही.

जानेवारीनंतरच्या उपचारांबद्दल थोडक्यात. एवढ्या उशिरा हातात फारसं काही नसतं. सलाइनने विषं पातळ करायची, मळमळ थांबवायची, फॉस्फरस बांधून ठेवायचा, जंतू असतील तर अँटिबायोटिक, आणि प्राणी खाईल असं बघायचं. माणसाला डायलिसिसवर ठेवता येतं, चित्त्याला रोज हात लावायचा म्हटलं तरी पिंजऱ्यात दाबून धरावं लागतं किंवा भूल द्यावी लागते, आणि दोन्हींनी ताण व रक्तदाबाचा खेळ होऊन मूत्रपिंडाला आणखी फटका बसतो. साशा दोन महिने टिकली यात डॉक्टरांचं श्रेय आहे.

खरा वाव होता तो १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर यांच्या मधल्या महिन्यात. पुन्हा रक्त, सोबत लघवीची घनता आणि तिच्यातलं प्रथिन, आणि एक सोनोग्राफी. प्रथिन फार जास्त असेल तर गाळणीचा आजार. मूत्रपिंड लहान, खडबडीत असेल तर जुनी झीज. पुट्या असतील तर घराण्याचा दोष, आणि मग तिच्या नात्यातले प्राणीही संशयित. एसडीएमए ही रक्ताची नवी चाचणी मांजरांत क्रिएटिनिनच्या बरीच आधी इशारा देते. चित्त्यासाठी तिची स्वतंत्र मोजपट्टी बसवावी लागेल, पण एकाच प्राण्याचा चढता आलेख बघायला तीही उपयोगी. यातली एक जरी तपासणी पुन्हा वाईट आली असती तर साशाचं तिकीट रद्द करून तिची जागा दुसऱ्या मादीला देता आली असती. आजारी साशा सीसीएफच्या परिचित कुंपणात कदाचित आणखी वर्षभर जगली असती.

पुढच्या तुकड्यांसाठी जोखीम कुठे आहे तेही यातून दिसतं. मुक्त रानातून थेट पकडलेल्या चित्त्याची मूत्रपिंडं बहुधा ठीक असतात. धोका वाढतो तो वाड्यात घालवलेल्या काळासोबत. दक्षिण आफ्रिकेचे बारा चित्ते करार लांबल्यामुळे जुलै २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत बोमात, म्हणजे कुंपणाच्या वाड्यात, अडकून पडले होते. कागदोपत्री ते रानटीच, पण मूत्रपिंड कागद वाचत नाही. म्हणून निवडीच्या अर्जावर वय आणि लिंगासोबत ‘बंदिवासातले एकूण महिने’ हा रकाना हवा. वर्षाहून जास्त काळ कुंपणात काढलेल्या प्रत्येक प्राण्याची रक्त-लघवीची जोडतपासणी किमान दोनदा, महिन्याच्या अंतराने व्हायला हवी. मृत्यू झालाच तर मूत्रपिंडाचे काप काँगो रेड आणि पीएएस या दोन्ही रंगांत बघून अहवाल खुला करावा, म्हणजे पुढच्या साशाच्या वेळी डॉक्टरांना अंदाजावर चालावं लागणार नाही. आणि पाठवणाऱ्या देशाची पूर्ण वैद्यकीय फाइल, प्रत्येक आकडा एककासकट, प्राणी विमानात चढण्याआधी इथल्या पशुवैद्यांच्या टेबलावर असावी.